आक्काची हलकी सायकल

मी मूळचा रागीट माणूस. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कोणावर का ओरडलो ते वेगळं समजावत बसायला नको. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा वर्कशॉपमध्ये फिटर होतो. लेथवर हात चांगला बसलेला. केसाएवढा फरक डोळ्याआधी बोटाला कळायचा. त्यामुळे लोखंडाच्या बाबतीत आपल्याला कळत नाही असं जगात काही उरलेलं नाही, असा माझा पक्का समज होता. वर्कशॉपजवळ खोली घेऊन राहायचो आणि शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं घरी जायचो, जयगडच्या खाडीकाठच्या आमच्या वाडीत.

घर म्हणजे आक्का. आईबाप लवकर गेले, मला वाढवलं ते या थोरल्या बहिणीनं. माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. लग्न वाडीतच झालेलं, नवरा मासेमारीच्या बोटीवर खलाशी, वर्षातले आठ महिने पाण्यावर. पोटी मूल नाही, तेव्हा तिची माया आणि तिच्या शिव्या यांचा सगळा वाटा माझ्या एकट्याच्या पदरात पडला. पहाटे बोटी धक्क्याला लागल्या की ती लिलावात मासळी घ्यायची, पाटी भरायची, डोक्यावर चुंबळ ठेवायची आणि घाटी चढून सड्यावर जायची. सडा म्हणजे आमच्या वाडीच्या डोक्यावरचं सपाट कातळाचं माळरान. तिथे शेतकऱ्यांच्या तीन वाड्या आहेत. त्या तीन वाड्या आक्काच्या. कोणी लिहून दिलेल्या नव्हत्या, पण आमच्यात एकीच्या वाडीत दुसरी बाई पाटी उतरवत नाही. मात्र एखादी महिनाभर फिरकली नाही तर वाडी मोकळी झाली असं धरतात. मग तिथे कोणीही जावं.

एका शनिवारी मी घरी पोचलो तर आक्का विळीवर मासे करत होती. हातातला बांगडा सुटून पडला. उचलला, पुन्हा पडला. मी हसलो. तिसऱ्यांदा पडला तेव्हा ती म्हणाली की डाव्या हाताची दोन बोटं गेले दोन महिने मेल्यासारखी आहेत, मुंग्या येतात आणि मग काहीच कळत नाही. दोन महिने! मी तिला वाट्टेल ते बोललो. सोमवारी कामावर खाडा करून रत्नागिरीला डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी मान इकडे तिकडे वळवून पाहिली, फोटो काढला आणि सांगितलं की मानेचे मणके झिजले आहेत, शिरा दाबल्या जातात. हातानं ढकला, ओढा, काय हवं ते करा, पण डोक्यावर ओझं घेऊ नका. नाहीतर हा हात कायमचा जाईल.

परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत बसली होती. रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. थोड्या वेळानं तिनं मला एवढंच विचारलं, की मग सड्यावर मासळी कोण नेणार. मी म्हटलं, मी कमावतोय, तू बस घरी. त्यावर तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. अडतीस वर्षांची धडधाकट बाई, वीस वर्षं रोज सकाळी पंचवीस घरं जिची वाट बघतात, तिला मी घरी बस म्हणत होतो. आता तेव्हाचा मी आठवला की मला माझाच राग येतो.

बसमध्ये मासळीची पाटी घेत नसत. पाटीतून पाणी गळतं, लोक नाकाला रुमाल लावतात, त्यात कंडक्टरचाही दोष नव्हता. बैलगाडी परवडणारी नव्हती. मग राहिली सायकल. भावोजींची एक जुनी काळी सायकल पडवीत उभी होती, ती मी बाहेर काढली. धक्क्यावर मासळी तोलायचा स्प्रिंगचा काटा होता, त्याला ती टांगली तर तेवीस किलो भरली. तेवीस किलो! त्यावर पाटीचे वीस आणि समोर मैलभराची घाटी. आमची घाटी म्हणजे चिऱ्याच्या ट्रकांनी उकरून काढलेला लाल रस्ता. बोरांएवढे खडे, हातभर खोल चाकोऱ्या. मोकळी सायकल ढकलत नेताना मला धाप लागली. घाटी चढली की सडा सपाट, तिथे सायकलवर बसून जाता येईल. पण चढायचं कसं? मी ठरवलं की ही सायकल निम्मी नाही तरी पाव तरी हलकी करायची.

आक्काला सायकल येत नव्हती. ओहोटीला पुळणीवर, ओल्या घट्ट वाळूत, ती आठ दिवसांत शिकली. नऊवारीचा घट्ट काष्टा मारलेल्या बाईला मधल्या नळीची अडचण नसते. वाडीतल्या बायका धक्क्यावर बसून बघायच्या आणि काय काय बोलायच्या. आक्का तोल सांभाळत सांभाळतच त्यांना उत्तरं द्यायची. ती उत्तरं इथे लिहिता येणार नाहीत.

पहिला रविवार काढण्यात गेला. स्टँड काढला, लोखंडी चेनकव्हर काढलं, डायनॅमो काढला, पुढचा मडगार्ड काढला. आक्काला घंटी ठेवायची होती. मी म्हटलं, कातळावर घंटी कोणाला वाजवणार, गुरांना? घंटीही काढली. मागचं लोखंडी कॅरिअर काढून वेताचं बांधून घेतलं. एवढं करून साडेतीन किलो उतरले. आता खरं वजन होतं ते चाकांत, हँडलमध्ये, पायडलमध्ये. तिथे काढून भागणार नव्हतं, बदलायला हवं होतं.

रत्नागिरीत सायकलच्या सामानाचं एक दुकान होतं. मालक साठीचे, जाड चष्म्याचे, आवाज कधी न चढवणारे. शहरातली पोरं हौसेनं घ्यायची त्या सायकलींचं हलकं सामान ते मुंबईहून मागवून ठेवत. मी आक्काला घेऊन गेलो. माझ्या खिशात यादी होती, वर्कशॉपच्या कागदावर मापांसकट लिहिलेली. आक्काच्या पिशवीत धक्क्यावरचा काटा होता. तो तिनं दुकानाच्या दारावरच्या खिळ्याला अडकवला आणि मालकांना म्हणाली, दाखवा.

तो सबंध दिवस मला अजून दिसतो. मी ग्रॅम सांगायचो, ती मासे सांगायची. लोखंडी रिमांच्या जागी ॲल्युमिनियमच्या टांगल्या आणि काट्याकडे बघून म्हणाली, सहा बांगडे वाचले. हँडलमध्ये तीन. सीटमध्ये दोन. म्हणजे तेवढे बांगडे पाटीत जास्त घातले तरी सायकल तेवढ्यालाच जड. तिचा हिशेब मला अडाणीपणाचा वाटायचा, पण दुकानदार मन लावून ऐकत होते. प्रत्येक वस्तू ती मासळीसारखी पारखायची. अंगठ्यानं दाबायची, उजेडात तिरकी धरायची, नखानं टिचकी मारून आवाज ऐकायची. प्लास्टिकचे पायडल सगळ्यात हलके होते, माझ्या यादीत त्यांच्यापुढे दोन रेघा मारलेल्या होत्या. तिनं एक पायडल दोन्ही हातांत धरून पिळला. तो वाकला.

"हलकं हवं," ती म्हणाली, "पण मेलेलं नको."

मी चिडलो. हातानं पिळायला हा कपडा आहे का, पायडलवर जोर वरून येतो, असं बरंच काही समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि प्लास्टिकचे पायडल मालकांच्या हातात परत दिले. शेवटी लोखंडी पायडलच्या रबराऐवजी लाकडाचे ठोकळे बसवायचं ठरलं. ते आमच्या वाडीतल्या होडीच्या सुतारानं सागाच्या उरलेल्या तुकड्यातून करून दिले, आणि खरं सांगायचं तर सगळ्या सायकलमध्ये ते ठोकळेच शेवटपर्यंत टिकले. मागची फ्रीव्हील अठरा दात्यांची होती, ती काढून मी बावीस दात्यांची घातली, म्हणजे लहान चढ बसल्या बसल्या चढता येतील. रिमा मात्र मी माझ्या पसंतीच्या घेतल्या. तिथे मी तिचं चालू दिलं नाही. तिनं नखानं खरवडून विचारलं होतं, खाऱ्या हवेत हे टिकेल ना रे? मी छातीठोकपणे सांगितलं की ॲल्युमिनियमला गंज चढतच नाही. दुकानदार काही बोलणार होते, पण माझा आवेश बघून ते चष्मा पुसायला लागले.

वाडी मोकळी धरायच्या आत, तीन आठवड्यांत सायकल तयार झाली ती साडेसोळा किलोची. काट्याला टांगून मी वाडीभर दाखवली. आक्कानं हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला, आणि सोमवारी पहाटे पाटी मागे बांधून निघाली. मीही त्या दिवशी घाटीच्या माथ्यापर्यंत गेलो. ढकलत ढकलत, दोनदा थांबून, पण तिनं ती एकटीनं चढवली. माथ्यावर उभं राहून पदरानं तोंड पुसलं, टांग टाकली आणि सड्यावरच्या वाटेनं निघून गेली. मागे वळून बघितलं नाही. मला फार बरं वाटलं. एवढं बरं मला माझ्या स्वतःच्या कुठल्याही गोष्टीनं वाटलं नव्हतं.

पुढचे पाचसहा महिने सुखाचे गेले. तिची बोटं परत आली. आधी करंगळीला चिमटा कळायला लागला, मग विळीवरचा मासा हातात राहायला लागला. सड्यावर तिला दोन घरं वाढली. आणि सायकलवर तिचा जीव जडला. दुपारी सड्यावरून उतरली की आधी सायकल खाडीवर न्यायची. गुडघाभर पाण्यात उभी करायची, काथ्याचा बोळा घेऊन रिमा, तारा, चेन घासघासून धुवायची, जशी होडी धुतात तशी. लाल धुळीचा कण ठेवायची नाही. मग खोबरेल तेलाचा हात फिरवायची. रविवारी मी घरी असलो की मीही मदतीला जायचो. चाक फिरवत बालदीबालदीनं पाणी मारायचो. वाडीतले लोक म्हणायचे, एवढी तर कोणी नवी होडीसुद्धा सांभाळत नाही. मला अभिमान वाटायचा.

मग एका शनिवारी घरी आलो तर सायकल पडवीत उलटी ठेवलेली, मागचं चाक आठाच्या आकड्यासारखं. आक्काच्या दोन्ही गुडघ्यांवर हळद लावलेली. मंगळवारी सड्यावर, सपाट वाटेवर, साध्या एका खळग्यात चाक बसलं, तारा कडाकडा तुटल्या आणि ती पाटीसकट कातळावर पडली. मंगळवारी! मग बुधवारपासून काय केलंस, असं मी विचारलं. ती चुलीकडे तोंड करून बसली. मी चुंबळ शोधली. ती दाराआड होती, ओली.

चार दिवस तिनं पाटी डोक्यावरून नेली होती. मंगळवारीसुद्धा, पडल्यावर, मासे गोळा करून कातळावरच्या डबक्यात खंगाळून, वाटेवरच्या एका बाईच्या मदतीनं पाटी डोक्यावर चढवून तिनं फेरी पुरी केली. भरलेली पाटी एकटीला डोक्यावर चढवता येत नाही, उतरवता तर मुळीच येत नाही. प्रत्येक घराशी गिऱ्हाईक बाई पायरी उतरून येते, एका बाजूनं हात लावते, दोघी मिळून पाटी खाली ठेवतात. मासळी घेऊन झाली की पुन्हा हात लावून वर चढवून देते. सत्तावीस घरं म्हणजे पन्नासहून जास्त वेळा. चार दिवस. मी तिचा डावा हात हातात घेतला आणि करंगळीला चिमटा काढला. तिनं हूं की चूं केलं नाही. तिला कळलंच नव्हतं.

माझं डोकं फिरलं. रागवायला माणूस हवा होता, आणि तिच्यावर रागवायची सोय नव्हती. मी सोमवारी ते चाक खांद्याला अडकवून थेट रत्नागिरीच्या दुकानात गेलो. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. त्यांच्यादेखत मी मालकांना नाही नाही ते बोललो. लबाड म्हटलं. टाकाऊ माल गरिबांच्या गळ्यात मारता म्हटलं. माझ्या बहिणीचा हात गेला तर तुम्ही देणार आहात का म्हटलं. सगळं बोलून माझा श्वास संपला तेव्हा त्यांनी माझ्याकडून चाक घेतलं आणि उजेडात नेलं. मी आवेशात कधी नीट बघितलंच नव्हतं. प्रत्येक तार रिममध्ये जिथे शिरते तिथे पांढरी भुकटी साचली होती, पीठ सांडल्यासारखी. त्याच्या खाली भोकं मोठी झाली होती, कडा चिरल्या होत्या. तारांच्या टोकाची, त्यांना रिमला आवळून धरणारी लोखंडी निपलं कुजून काळी झाली होती. त्यांनी नखानं भुकटी खरवडली, जिभेवर ठेवली आणि थुंकले.

"सायकल धुता कुठे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, कुठे म्हणजे? खाडीवर.

त्यांनी चाक माझ्या हातात परत दिलं. मी त्या पांढऱ्या भुकटीवरून बोट फिरवलं. ॲल्युमिनियम आणि लोखंड एकाला एक लावून खाऱ्या पाण्यात ठेवलं की ॲल्युमिनियम खाऊन जातं, हे मला आयटीआयमध्ये शिकवलेलं होतं. परीक्षेत मी ते लिहून पास झालो होतो. वर्कशॉपमध्ये कोणी ओल्या हातानं काम केलं तर मी त्याच्या अंगावर धावून जायचो. आणि सहा महिने दर रविवारी मी स्वतः त्या चाकावर समुद्राच्या बालद्या ओतल्या. का? कारण आमच्यात धुणं म्हणजे खाडीवर. होडी खाडीवर, जाळी खाडीवर, पाटी खाडीवर, पाय खाडीवर. गोडं पाणी प्यायचं असतं. ते कोणी वस्तूवर ओतत नाही. सड्यावरच्या कुठल्याही शेतकऱ्यानं ही चूक केली नसती. मी केली, कारण मी फिटर व्हायच्या आधी खाडीकाठचा होतो.

मी मालकांची माफी मागितली. त्या चार गिऱ्हाइकांपैकी दोघं अजून तिथेच होती, त्यांच्यासमोरच मागितली. मालकांनी मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि म्हणाले की पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं, पण तुम्ही फार खात्रीनं बोलत होतात. मग आम्ही दोघांनी मिळून चाक नव्यानं जुळवलं. रिम पुन्हा ॲल्युमिनियमचीच, कारण घाटी काही कमी उंच होणार नव्हती, पण या खेपेला जरा जाड पत्र्याची. एक बांगडा परत गेला. निपलं पितळेची. प्रत्येक भोकात ग्रीस. तारा बाहेरून मेणानं माखलेल्या. आणि एक गोष्ट त्यांनी तीनतीनदा बजावली. हे सगळं केलंत तरी रोज गोड्या पाण्यानं धुतली पाहिजे. मासळीचं पाणी गळणार, खारी हवा लागणार. रोज एक कळशी गोडं पाणी, नाहीतर पुन्हा हेच.

शनिवारी चाक बसवलं आणि मी मोठ्या रुबाबात आक्काला सांगितलं की आजपासून खाडी बंद, गोड्या पाण्यानं धुवायची. तिनं कोपऱ्यातल्या रिकाम्या कळशीकडे बोट केलं.

"आणि पाणी कसं आणू?"

आमच्या वाडीतली विहीर मचूळ. गोड्या पाण्याची विहीर घाटीच्या पायथ्याशी, पाऊण मैलावर. तिथून पाणी यायचं ते बायकांच्या डोक्यावरून. आमच्या घरी पिण्यापुरतं पाणी शेजारीण आणून देत होती, तिच्यावर आणखी एक कळशी टाकायला तोंड नव्हतं. म्हणजे आक्काच्या डोक्यावरचं ओझं उतरावं म्हणून सायकल, आणि ती टिकावी म्हणून आक्कानं डोक्यावरून पाणी आणायचं! सायकलच विहिरीवर ने म्हटलं, तर विहिरीच्या काठावर मासळीची सायकल कोणी धुऊ देणार नाही, आणि त्यात त्यांचं बरोबरच होतं. रविवारी दोन कळशा मी सायकलला बांधून आणल्या आणि सोमवारी मी मिरजोळ्याला निघून गेलो. उरलेले सहा दिवस तिचे तिनं बघावेत, असाच त्याचा अर्थ झाला.

पण पुढच्या शनिवारी सायकल स्वच्छ होती. त्याच्या पुढच्याही. रिमा चकचकीत, निपलं कोरडी, पांढरी भुकटी नावाला नाही. मी विचारलं तर आक्का म्हणाली, होतंय कसंबसं. मी तिचं डोकं चाचपून बघितलं, केस ओले आहेत का, चुंबळ वापरातली आहे का. तिनं माझ्या हातावर चापट मारली. करंगळी हळूहळू पुन्हा जागी होत होती, तेव्हा डोक्यावरून काही जात नाही एवढी माझी खात्री पटली. मी जास्त विचारलं नाही. प्रश्न सुटलेला दिसला की तो कोणी सोडवला हे मी विचारत नसे. तशी सवय होती मला.

वैशाखात वर्कशॉपला आठ दिवस सुट्टी पडली. एके दिवशी मी आक्काबरोबर सड्यावर गेलो. कातळ एवढा तापलेला की चपलेतून चटका बसावा. फेरीतल्या शेवटच्या घरी एक वहिनी होती, आक्काच्याच वयाची, नवरा मुंबईला, घरात सासरा आणि दोन मुलं. तिनं मासळी घेतली. सूप भरून आत ठेवून आली आणि बाहेर येताना एक कळशी घेऊन आली. तिनं सायकलच्या मागच्या चाकावर पाणी ओतायला सुरुवात केली. आक्का चाक फिरवत होती, ती ओतत होती. बारीक धारेनं, थेंब फुकट जाऊ नये म्हणून प्रत्येक तारेच्या मुळाशी थांबत थांबत. दोघींना त्याची इतकी सवय झाली होती की गप्पा चालूच होत्या. खाली पडलेलं पाणी एका घमेल्यात जमत होतं, ते तिनं नंतर भोपळीच्या वेलाला घातलं.

मी तिच्या माजघराच्या दाराशी बघितलं. घरात दोनच कळशा होत्या, एक तिथे भरलेली, दुसरी वहिनीच्या हातातली. वैशाखात सड्यावरच्या विहिरी तळाला जातात. पाणी आणायचं ते खालच्या झऱ्यावरून, कातळ तुडवत, मैलभर. आणायचं डोक्यावरूनच. मी पुढे होऊन म्हटलं, वहिनी, एवढं नका करू. पावसापर्यंत नाही धुतली तरी चालेल, मी चाक पुन्हा जुळवून देईन. तुम्हाला प्यायला पाणी नाही.

तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. शेवटची धार ओतून झाल्यावर कळशी कंबरेवर घेतली.

"त्या चार दिसांत हिच्या पाटीला मी हात लावला होता," ती म्हणाली. "पाटी उतरवताना हिची मान लटलट हालत होती. वीस वर्सं मी हात लावतेय, तसं कधी झालं नव्हतं. हिला तवाच सांगितलं मी, पुन्ना पाटी डोक्यावर घेऊन आलीस तर मी हात लावायची नाय. डोक्यावर घेऊन तशीच परत जा." मग चुंबळ डोक्यावर ठेवत म्हणाली, "माजी मान अजून शाबूत हाय."

आणि ती झऱ्याकडे निघाली. आक्का सायकलची पाटी आवळत होती, तिनं मान वर केली नाही. मी उभा होतो. हात रिकामे, माप घ्यायला आणि दुरुस्त करायला तिथे काही नव्हतं. मग मी धावत जाऊन वहिनीच्या हातातली कळशी घेतली. ती नको नको म्हणाली, बापयाचं काम नव्हे म्हणाली. मी ऐकलं नाही. झऱ्यावरच्या बायका मला बघून हसल्या. एकीनं चुंबळ कशी ठेवायची ते दाखवलं आणि कळशीला हात लावला.

मैलभर वाट होती. शंभर पावलांवर मान भरून आली. अर्ध्या वाटेत डोळ्यांपुढे काजवे चमकले, पाणी गळ्यावरून छातीवर ओघळलं आणि मी थांबलो, पण एकट्यानं कळशी उतरवता येईना. कोणाला हाक मारावी तर कातळावर चिटपाखरू नव्हतं. तसाच उभा राहिलो, दोन्ही हातांनी कळशी धरून. तेवीस किलोची सायकल मी काट्यावर तोलली होती, एकेक बांगड्यानं हलकी केली होती. पाटी वीस किलोची म्हणून सांगत होतो, लिहीत होतो. आक्कानं ती वीस वर्षं वाहिली आणि त्यावर मला शिकवलं, वाढवलं, फिटर केलं. आणि त्या पाटीला मी आयुष्यात एकदाही हात लावला नव्हता.